एलेनाचं एस्कूल

झाशी, मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. भाचेसून एलेना, मूळची माद्रिदची, आज इथल्या एका शाळेत गणित शिकवायच्या नोकरीसाठी मुलाखतीला गेली. सोबत मी. ती 'स्कूल'ला 'एस्कूल' म्हणते, 'स्टुडंट'ला 'एस्टुडंट'. त्यांच्या स्पॅनिशमध्ये म्हणे कुठलाही शब्द असा 'स्क', 'स्ट'नं सुरूच होत नाही, म्हणून जीभ आधी एक 'ए' लावून घेते. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी त्या 'ए'साठी हातावर पट्टी मारली असती.

तिचं 'एस्कूल' ऐकून शाळेचा मॅनेजर चक्क हसला. "मैडम, बच्चे भी ऐसा ही बोलने लगेंगे. हमारा इस्कूल इंग्लिश मीडियम है."

इस्कूल! मी तोंड उघडणार, तेवढ्यात एलेनाचा चेहरा उजळला. "सर, यू से इट लाइक माय मदर!"

टोमणा नाही, काही नाही. परक्या गावात माहेरचं माणूस भेटावं तसा आनंद! हे मला कधी जमलं असतं? मी त्याला सोलून काढला असता आणि पोरीची नोकरी घालवली असती. तो आधी लाल झाला, मग मनापासून हसला. "अच्छा जी, कल एक क्लास लेकर दिखाइए."

परतताना रिक्षात तिनं हळूच विचारलं, "आत्या, आय एस्पीक बॅड?"

मी, जिनं जन्मभर दिसेल त्याचे उच्चार सुधारले, ती म्हणाले, "नाही गं. उद्याही असंच बोल."