अकरा मिनिटांतला एक व्हय

कोल्हापूर,
५ जानेवारी २०२५

ती. तात्यासाहेब मामा यांस,
कृ. सा. न. वि. वि.

एका गंभीर अन्यायाकडे आपलं लक्ष वेधतो. बावीस वर्षं की-बोर्डवर पोट भरणाऱ्या, शेहेचाळीस वर्षांच्या, चष्मा लागलेल्या भाच्याला आपण बॉलपेन धरायला लावलं आहे. घरात चार पेनं सापडली. तीन वाळलेली, चौथं बँकेचं, दोरीसकट. ते घरी कसं आलं हे विचारू नये. मधलं बोट आत्ताच सुजलंय. कारण काय, तर आपण तीन दिवस फोन उचलत नाही आणि पाणी संस्थेच्या सम्राटकरवी निरोप धाडता, की काय असेल ते कागदावर लिही.

मामा, झालंय काय? एक तारखेला ग्रामपंचायतीत आपली फिल्म दाखवली तेव्हापासून हे सुरू आहे, असं सम्राट म्हणतो. माझा धंदा आपल्याला ठाऊक आहे. सकाळी पेंडवाल्यासाठी म्हैस बोलकी करायची, दुपारी शाळेच्या संस्थापकांचा त्याग लिहायचा, संध्याकाळी कुणा युवा नेत्याच्या वाढदिवसाला लोकांच्या डोळ्यांत पाणी आणायचं. स्क्रिप्ट मीच लिहितो, कॅमेरा मीच लावतो, कापाकापीही मीच करतो. त्यातल्या त्यात ही सौरऊर्जा कंपनीची, आपल्या गायरानावरची फिल्म म्हणजे सरळ काम. आणि तिच्यात आपण असे दिसता, की कंपनीचे साहेब म्हणाले, या आजोबांच्या एका शब्दावर गाव गायरान देऊन मोकळं होईल. सव्वीसच्या ग्रामसभेत ती पुन्हा दाखवून तसा ठरावच घेणार आहेत. मग बिघडलं कुठं?

राग असेल तर चार शिव्या द्या, पण फोनवर. लोभ आहेच, तो माझं बोट उतरेपर्यंत तरी टिकवावा.

आपला,
अनेकांत


मळा,
९ जानेवारी

चि. अनेकांत यास,
अनेक आ.

पत्र पावलं. अक्षर लई वंगाळ. राग न्हाई बाबा. राग असता तर एस्टी धरून आलो असतो आणि तुझ्या बायकोपुढं बोललो असतो.

गोष्ट येगळी हाय. पिच्चरमधी ती बाई इचारती, गायरान कंपनीला द्यायला गावाची संमती हाय का. आणि मी म्हणतोय, व्हय. तोंड माझं, आवाज माझा, टोपी बी माझी. पण आसं म्हटल्याचं मला आठवत न्हाई. मला आठवतंय ते आसं, की मी म्हणालतो, झुंबरबाईसारख्या शेळीवाल्यांनी जायचं कुठं, ते आधी त्यास्नीच इचारा. पण ते पिच्चरमधी न्हाई. म्हंजे म्हटलंच नसंल.

तुझी मामी अशीच सुरू झालती. मीठ घातलंच न्हाई म्हणायची, आणि आमटी तोंडात धरवत नसायची. पुढं पाच वर्सांनी ती मला पावणं म्हणाया लागली, बसा की, चहा घेऊन जावा म्हणायची. मी सगळं काढलंय, मला त्याच्या पायऱ्या ठाऊक हायत. म्हणून फोन बंद. फोनवर काय बोलून बसीन त्याचा भरवसा न्हाई. कागदावरचं मला परत वाचता येतं.

संस्थेच्या चाव्या काल सम्राटकडं दिल्या. ग्रामसभेत सांगणार हाय, की मी व्हय म्हणालोय तर माझा व्हय धरा, आणि ह्यापुढं मी काय बोललो तर ध्यानात घेऊ नका.

पोराबाळांस आशीर्वाद. माया हाय, ती मी इसरलो तरी तू इसरू नको.

तात्यासाहेब


कोल्हापूर,
१३ जानेवारी

ती. मामा यांस,
सा. न.

आपण उगाच मनाला लावून घेता. वय झालं की माणूस थोडंफार विसरतोच; मी तर चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधतो. फिल्मचं म्हणाल, तर लांबलचक बोलणं हल्ली कुणी ऐकत नाही, ते आटोपशीर करावं लागतं. त्यात एखादं वाक्य राहून जातं. चाव्या परत घ्याव्यात.

कंपनीचं आणखी दहा गावांचं काम माझ्याकडे यायचंय, त्यामुळे धावपळ आहे. सव्वीस तारीख होऊन गेली की येतोच. तोवर रोज सकाळी चार बदाम भिजवून खावेत.

लोभ असावा.
अनेकांत


मलकापूर,
१८ जानेवारी

प्रिय दादास,
स. न.

फोनच करणार होते. पण फोनवर तू हसवतोस, आणि ठेवल्यावर लक्षात येतं की उत्तर मिळालंच नाही. म्हणून कागद.

काल मळ्यात जाऊन आले. तात्यांनी घरभर चिठ्ठ्या चिकटवल्यात. शेगडीपाशी ‘बंद केला का’, दाराला ‘कडी’, आणि आईच्या फोटोखाली ‘अक्काताई. बायको. वारली २०१९’. ती काढायला गेले तर माझा हात धरला. म्हणाले, असू दे पोरी, पुढं लागंल. तुझे बदाम मात्र इमानानं खातात. ग्रामसभेत काय सांगायचं तेही लिहून खिशात ठेवलंय, आणि दर तासाला काढून वाचतात.

कोल्हापुरात मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, तीस तारखेची. पण मी पडले गणिताची बाई, मला हे जुळत नाही. माझ्या लग्नात कुठल्या पंक्तीला कोण वाढत होतं ते नावानिशी सांगतात. २००५ च्या पुराचं पाणी देवळाच्या कितव्या पायरीला लागलं तेही सांगतात. आणि विसरले ते नेमकं तुझ्या फिल्ममधलं एक वाक्य?

एकच विचारते. गायरानाच्या प्रश्नाला तात्या व्हय म्हणाले होते का? हो किंवा नाही. स्क्रिप्ट लिहू नकोस.

लोभाचं उत्तर आल्यावर बघू.
आदिती


कोल्हापूर,
२० जानेवारी

ती. मामा यांस,
सा. न.

आपण व्हय म्हणाला होता. पण त्या प्रश्नाला नाही.

अकरा नोव्हेंबरला मी आपल्याला गायरानाबद्दल विचारलं. आपण अकरा मिनिटं बोललात, त्यात झुंबरबाईंचं नाव चारदा घेतलंत. सातव्या मिनिटाला मी कॅमेऱ्यामागून विचारलं, मामा, चहा सांगू का. आपण म्हणालात, व्हय. हा तोच व्हय.

कंपनीनं सांगितलं, एवढं लांबण नको, आजोबांचा होकार तेवढा ठेवा. होकार नव्हताच. मग निवेदन करणाऱ्या मोनाच्या आवाजात मी संमतीचा प्रश्न नव्यानं भरला आणि त्याच्यापुढं चहाचा व्हय लावला. जोड दिसू नये म्हणून मध्ये तीन सेकंद आपल्या काठीवरच्या हाताचं दृश्य घातलं. जोड इतका बेमालूम झाला, की मी स्वतःवरच खूश होतो. म्हटलं, मामा काही ‘देऊ नका’ म्हणाले नाहीत. मी फक्त थोडक्यात सांगितलं.

आपलं पत्र आलं तेव्हाही हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी बदाम लिहिले. दहा गावांचं काम हातचं जाऊ नये म्हणून.

आपल्याला काहीही झालेलं नाही. खिशातला कागद फाडा. हे पत्र मात्र जपून ठेवा आणि वाटेल तितक्या वेळा वाचा. सव्वीसला अकराच्या अकरा मिनिटं दाखवायला मी येतोय. कंपनीला आज कळवलं. साहेब म्हणाले, यापुढं कोल्हापुरात काम कसं मिळतं ते बघतो. आदितीलाही आजच लिहिलं, तिनं मागितलं होतं तेवढंच: नाही.

लोभ ठेवा म्हणायची सोय मीच कापून टाकली आहे.

अनेकांत


कोल्हापूर,
२७ जानेवारी

चि. सौ. आदितीस,
अ. आ.

शाळेच्या झेंडावंदनामुळं तुला येता आलं नाही, म्हणून कळवतो.

मी लॅपटॉप जोडायला लागलो तसे कंपनीचे साहेब उठले. म्हणाले, ही फिल्म आमची आहे, दुसरं काही दाखवता येणार नाही. त्यावर सरपंच बनाबाई म्हणाल्या, पावणं, फिल्म तुमची असंल, म्हातारा आमचा हाय, बसा खाली. बसले.

खिडक्यांना सतरंज्या लावून सभागृहात अंधार केला होता. मी पडद्याकडं बघतच नव्हतो, मामांकडं बघत होतो. त्यांचे ओठ हलत होते. पडद्यावरचं प्रत्येक वाक्य ते पडद्याच्या आधी म्हणत होते, आदिती. एकही चुकलं नाही. सातव्या मिनिटाला माझा आवाज आला, चहाचा, आणि त्यांचा व्हय. मागं कुणीतरी फिसकन हसलं, मग अख्खी सभा हसली. मामा हसले नाहीत. ते पुढचं वाक्य म्हणत होते.

ठराव झाला नाही. आधी शेळीवाल्यांना विचारायचं, मग बोलायचं, असं ठरलं. झुंबरबाई मला जे बोलल्या ते शाळेतल्या बाईला लिहिण्यासारखं नाही, पण त्यातला एकही शब्द कापण्यासारखा नव्हता. सम्राटनं तिथल्या तिथं चाव्या मामांच्या हातात दिल्या. त्यांनी त्या मोजल्या आणि खिशात टाकल्या. बाहेर येऊन कट्ट्यावर बसले. मामीच्या फोटोखालची चिठ्ठी काढली का, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही; ते तू बघ.

शूटिंगच्या दिवशी उजेड मावळत चालला होता, म्हणून मी चहा सांगितलाच नव्हता. काल समोरच्या गाड्यावरून दोन आणले. एक त्यांच्या शेजारी ठेवला आणि जरा लांब सरकून बसलो. बराच वेळ तो तसाच होता, वर साय धरली. मग त्यांनी बोटानं साय बाजूला केली आणि प्यायले.

तुझा,
अनेकांत