खंडेनवमीला उघडलेली पेटी

बाबा, तुम्ही आज दुकानात आलात तर पहिला प्रश्न विचाराल, "निगेटिव्ह कुठी ठेवल्या?" आणि मला उत्तर देता येणार नाही. तुमच्या वेळी ते सोपं होतं. रिसोडच्या आपल्या दुकानात मागच्या भिंतीला पत्र्याचं कपाट, त्यात गावागावाचे कप्पे, कप्प्यात लिफाफे, लिफाफ्यात एकेक लग्न. कोणी कितीही वर्षांनी येऊन एखाद्या वारलेल्या माणसाचा फोटो मागितला की तुम्ही स्टुलावर चढायचात, हात घालायचात आणि तो माणूस बाहेर काढायचात. आता काउंटरखाली एक काळी पेटी आहे, बुटांच्या खोक्यापेक्षा थोडी मोठी. समोरून चार खण, प्रत्येक खणात एक डिस्क. पेटी वायरने राउटरला जोडलेली आहे, त्यामुळे काउंटरवरचा कॉम्प्युटर, माझा लॅपटॉप आणि वर घरात आईचा टीव्ही, सगळ्यांना तिच्यातलं एकच सामान दिसतं. फोटो पेटीत आहे इतकं मी छातीठोक सांगते. चारपैकी कोणत्या डिस्कवर आहे हे मात्र विचारू नका. मी विचारून पाहिलं आहे आणि त्यानंतर माझं डोकं दुखलं होतं.

पेटी वाशिमच्या एका दुकानदाराने दिली. बोलायला गोड, समजावायला उतावळा. घरी आणून मीच ती लावली, व्हिडिओ बघून. सुरुवातीलाच तिने विचारलं, रेड कोणतं हवं, म्हणजे चार डिस्कवर सामान कसं वाटून ठेवायचं? शून्य, एक, पाच की सहा? दोन, तीन, चार कुठे गेले ते कोणी सांगत नाही. शून्यात सगळी जागा वापरायला मिळते, पण एक डिस्क मेली की सगळंच मेलं. एकमध्ये तेच सामान दोन-दोनदा ठेवतात. दुकानदाराला फोन लावला तर म्हणाला, "पाच घ्या ताई, समदे पाचच घेते." मी पाच घेतलं. त्यात एका डिस्कएवढी जागा बाजूला जाते, म्हणून मला वाटलं चौथी डिस्क पहारेकरी असेल. तर तसंही नाही. प्रत्येक फोटोचे तुकडे होऊन चौघींवर विखुरतात, आणि त्या तुकड्यांचा एक हिशेबही चौघींवरच विखुरतो. कोणतीही एक गेली तरी उरलेल्या तिघी मिळून तिच्यात काय होतं ते पुन्हा जुळवतात. हे मी आईला समजावून सांगितलं, म्हणजे मलाही समजेल या आशेने. आईने भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तिघी मिळून चौथीच्या पोटातलं खरं सांगते? आपल्या घरात तं असं कधी जमलं नाही, बाई."

या पेटीत लोकांची लग्नं आहेत, बारशी आहेत, दुकानांची उद्घाटनं आहेत, पण माझा जीव अडकला होता तो व्हिडिओच्या एका लहानशा तुकड्यात. जन्मभर लोकांचे फोटो काढणाऱ्या माणसाचा स्वतःचा फोटो नसतो हे मला तुमच्यामुळे कळलं. भिंतीवर आहे तो कुठल्याशा ओळखपत्रावरून मोठा केलेला, त्यात तुम्ही घाबरलेले दिसता. आवाज तर कुठेच नव्हता. तुम्ही गेलात तेव्हा मी फ्रॉक घालायच्या वयाची होते, आणि लहान पोरीला बापाचा आवाज जपून ठेवायचं कसं सुचणार? मग जुन्या व्हिडिओ कॅसेट उतरवायला घेतल्या तेव्हा किन्हीराजाच्या एका लग्नात कॅमेऱ्यामागून कोणीतरी बोललं. "नवरदेव, मान वर करा. मुंडक्यावर डोंगर ठेवला का तुमच्या? हसा थोडंसं, हसल्यानं काई दात नाही पडत." भरदार, खर्जातला, आतून हसणारा आवाज. मी खुर्चीवरून उठूनच उभी राहिले. त्या कॅसेटला बुरशी लागली होती. शेवटाशी येता येता तिची फीत तुटली आणि मशीनमध्ये अशी गुंडाळली गेली की कात्रीने कापून काढावी लागली. म्हणजे तुमचा आवाज जगात एकाच जागी उरला, या पेटीत, आणि तिथेही चौघींवर तुकड्या-तुकड्याने.

त्या आवाजासोबत तुम्ही परत आलात, हे सांगितलंच पाहिजे. आधी मला तुमचं फक्त सुट्टं सुट्टं आठवायचं. फोटो धुण्याच्या औषधाचा, हायपोचा वास येणारे हात. रिकाम्या रोलच्या काळ्या डब्या, ज्या तुम्ही मला चिंचोके ठेवायला द्यायचात. डार्करूमचा लाल दिवा. आवाज सापडल्यावर त्या सगळ्याला बोलता आलं. मी डार्करूमचं दार उघडते, फोटोचे कागद अजून औषधात आहेत, एका क्षणात सगळे काळे पडतात. तुम्ही ओरडत नाही. चिमटा खाली ठेवता आणि म्हणता, "आता त्या लोकायले मी काय दाखवू, बाई?" आधी हे वाक्य मला मुकं आठवायचं, आता ते त्या खर्जात ऐकू यायला लागलं. आईला मी कितीदा म्हटलं, ये, ऐक. ती नको म्हणायची. "मले नको आयकवू. मी रात्री झोपत नाही मंग."

आता खंडेनवमीचं सांगते. बाकीचे दुकानदार त्या दिवशी यंत्रावर हळद-कुंकू टाकतात, फूल ठेवतात, झालं. तुमचं तसं नव्हतं. लेन्स कॅमेऱ्यापासून वेगळी, फ्लॅशचे सेल बाहेर, फोटो मोठे करायच्या एनलार्जरचं मुंडकं उतरवलेलं. प्रत्येक सुटा भाग पुसून पाटावर मांडायचा आणि एकेकाला बोट लावायचं. "उघडल्याबिगर पूजा नाही, वरूनवरून केली तं ती चोरी," असं म्हणायचात. तुमच्यामागे आई दरवर्षी हे पाळते. दरवर्षी मी शेजारी असते, कशाला हात लावायचा आणि कशाला नाही ते सांगते. यंदा मला शेलूबाजारला एका मंगल कार्यालयाच्या उद्घाटनाचं काम होतं, दुपारपर्यंत येते म्हणाले आणि जीपने निघून गेले. पेटीबद्दल काही सांगायचं मला सुचलंही नाही. पेटी कोण उघडणार?

आईने उघडली. खणाचं झाकण दाबलं की ते आपोआप बाहेर येतं, इतकी सोय केली आहे बनवणाऱ्यांनी. पेटी चालू होती. एक डिस्क बाहेर आली तरी ती चालतच राहिली, त्यासाठीच तर पाच घेतलं होतं. दुसरी बाहेर आली तेव्हा पेटीचा नाइलाज झाला आणि ती टीं टीं ओरडायला लागली. आई मला नंतर सांगते, "ते वरडून राह्यलं होतं. मले वाटलं, यंदा पह्यल्यांदा कोणी त्याले कुंकू लावलं, म्हून खूश झालं." चारही डिस्क तिने कोरड्या फडक्याने पुसल्या, पाटावर झेंडूच्या फुलांमध्ये मांडल्या, प्रत्येकीच्या स्टिकरवर ठसठशीत कुंकू लावलं, ओवाळलं आणि परत घातल्या. मी परत आले तेव्हा कॅमेऱ्यांना झेंडूच्या माळा होत्या, काउंटरवर पेढे होते आणि पेटीवर लाल दिवा होता. कॉम्प्युटरवर फोल्डरच नव्हता. पेटीची माहिती दाखवणाऱ्या पानावर एकच ओळ होती, साठा कोसळला आहे, नवीन तयार करायचा का?

मी आईवर ओरडले. काय बोलले ते लिहीत नाही, तुम्हाला आवडलं नसतं. ती पेढ्यांचं खोकं हातात धरून उभी. "काहून गं, एवढं काय झालं? म्या तं त्यायच्यासारखंच केलं. आपापल्या जागी ठेवल्या समद्या." दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "ताई, आता काहीच दाबू नका. ते नवीन बनवू का विचारन, तुमी हो म्हनू नका. बॅकअप असंन ना दुसरीकडे?" मी म्हटलं, अहो, बॅकअप म्हणूनच तर ही पेटी घेतली. तो म्हणाला, "रेड म्हंजे बॅकअप नसते ताई. एखादी डिस्क मेली तं काम थांबू नये, येवढ्यासाठी ते असते. पेटीच पडली, जळाली, कोनी पुसली तं मंग काई नाही." मग चार-चार डिस्क कशाला, हे मला तेव्हा कळलं नाही आणि खरं सांगायचं तर अजून पुरतं कळलेलं नाही. एकच आवाज चौघींवर ठेवूनही तो एकदाच ठेवल्यासारखा कसा?

दसऱ्याला त्याचं दुकान बंद. लोक सोनं वाटायला येत होते, मी आपट्याची पानं घेत होते, देत होते, आणि मनात एकच चाललेलं, तुमचा आवाज मी घालवला. दुसऱ्यांदा घालवला, कारण पहिल्यांदा तुम्ही स्वतःच घेऊन गेला होतात. एकादशीला पेटी मांडीवर घेऊन एसटीने वाशिमला गेले. आई सोबत आलीच. तिला वाटत होतं की दुकानदाराने तिला रागवावं आणि प्रकरण मिटावं. त्याने कुंकवाने माखलेल्या डिस्क पाहिल्या, हसू दाबलं आणि विचारलं, "मावशी, आधी कोन्ती काढली होती?" आई ठामपणे म्हणाली, "डाव्या हाताची. देवाचं काम मी डावीकडूनच सुरू करत असतो." त्याने पेटी आपल्या कॉम्प्युटरला लावली, बराच वेळ काहीबाही टाइप केलं आणि मान हलवली. प्रत्येक डिस्क शेवटचं काम कधी झालं याची नोंद स्वतःजवळ ठेवते म्हणे. तिघींचं जवळजवळ जुळत होतं आणि एक मागे राहिली होती. म्हणजे आधी बाहेर निघाली ती हीच. ती डावीकडची नव्हती, तिसऱ्या खणातली होती. आईला हे पटलं नाही. "मशीनले काय माहीत? मी होतो ना तिथं," असं ती परतीच्या एसटीतही म्हणत होती. दुकानदाराने जुळणाऱ्या तिघींना धरून साठा उभा केला, मागे राहिलेली चौथी नव्याने भरायला लावली, आणि फोल्डर दिसू लागला. मी तिथेच रडले. त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि बजावलं, "आता याची दुसरी कॉपी बनवा, न ती घरात ठेवू नका."

घरी येऊन सगळ्यात आधी तो तुकडा लावला. या वेळी आई बाजूला बसली, कदाचित अपराधीपणाने. किन्हीराजाचा मांडव आला, मुंडावळ्या आल्या, आणि तुम्ही बोललात, नवरदेव, मान वर करा. मी आईकडे पाहिलं. ती डोळे बारीक करून बघत होती. "हे कोन बोलून राह्यलं?" म्हणाली. बाबा आहेत ना, मी म्हटलं. "हट. हे तं तुह्या बाबाचे पार्टनर होय. लग्नायमंदी लोकायले हसवाचं काम त्यायचंच. तुह्या बाबाचा आवाज बारीक होता. मांडवात तं त्यायच्या तोंडातून शब्द नाही निघे." मी भांडले. म्हटलं, तुला डिस्क कुठली आधी काढली तेही आठवत नाही. व्हिडिओ चालूच होता. पुढे मंगलाष्टकं संपताना, वाजंत्रीच्या गोंगाटात, कॅमेऱ्याच्या अगदी जवळून एक पातळ, चिरका आवाज येतो, "बॅटरी संपली, दुसरी द्या." इतकंच. मी तो कितीदा ऐकला असेन, पण लक्ष दिलं नव्हतं. आईने पदर तोंडाला लावला. "हे," म्हणाली. आणि उठून वर निघून गेली.

आता मी काय करू, सांगा. ते पार्टनर काकाही आता राहिले नाहीत, नाहीतर त्यांनाच विचारलं असतं. आई चुकू शकते, ती खण चुकलीच होती. पण पदर तोंडाला लावला तो काही खण आठवून नव्हे. तो बारीक आवाज मी पुन्हा पुन्हा ऐकते आणि मला काहीच होत नाही. बॅटरी मागणारा एक थकलेला माणूस, इतकंच कळतं. पेटीला विचारावं तर ती जे ठेवलं ते जसंच्या तसं परत देते, ते कोणाचं आहे हे तिला ठाऊक नसतं. दुसरी कॉपी मी बनवली, आत्याच्या घरी ठेवली. दोन्ही आवाज आता दोन-दोन ठिकाणी सुरक्षित आहेत आणि तुम्ही त्यातले कोणते हे मला माहीत नाही.

हे मी आईला वाचून दाखवणार नाही. आणि तुमच्याकडे पोचायला रस्ताच नाही, हे एका अर्थी बरं आहे, कारण पुढची गोष्ट तुमच्या तोंडावर मला सांगता आली नसती. आई खाली दुकानात आली की मी बॅटरीवाला आवाज लावते, आणि ती पदराने डोळे पुसते. ती वर गेली की मी तो बंद करते आणि त्या दुसऱ्या माणसाला बाबा म्हणते.