डाव्या पायाचा ब्रेक

पिशोर, ३ नोव्हेंबर २०२५

चि. इंद्रजीत यास, तात्यांचे अनेक आशीर्वाद.

तू आणि सूनबाई दिवाळी करून गेलात आणि घर एकदम सुनं झालं. मला ऐकू येत नाही, त्यामुळं फोन तुझी आई घेते आणि तिच्या मर्जीपुरतंच मला सांगते. म्हणून हे पत्र. शोरूमच्या त्या शर्यतीसारख्या गाडीतून दौलताबादला नेलंस, मजा आली. पण किल्ल्याच्या दरवाजाच्या वळणावर पट्टा छातीत असा रुतला की बस्स. खाली बघतो तर तुझा डावा पाय ब्रेकवर! चौतीस वर्षं ट्रक हाकला बाबा. डावा पाय क्लचचा. ही कुठली फॅशन काढलीस? मालकाला ठाऊक आहे का?

लवकर खुलासा कर. दोघांना आशीर्वाद आहेतच.
तुझे तात्या

उस्मानपुरा, छ. संभाजीनगर, ८ नोव्हेंबर

ती. तात्यांस, शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून प्रेरणा पोट धरून हसली. तात्या, या गाडीला क्लचच नाही, डावा पाय रिकामाच असतो. शर्यतवाले त्यानंच ब्रेक धरतात. उजवा पाय उचलून इकडून तिकडं नेण्यातला वेळ वाचतो आणि वळणात गाडी दबून राहते. क्लचची सवय असलेला पाय आधी धाडकन पडतो, तेवढं शिकावं लागतं. तुमची छाती त्या शिकण्यात सापडली! चुकून दोन्ही पाय दाबले गेले तर गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच इंजिनाचा जोर काढून घेतो. काळजी नको. तेवीस तारखेला मुख्य चालकाच्या जागेसाठी माझी परीक्षा आहे. गिऱ्हाइकांना वेगात फिरवायचं काम मग माझ्याकडंच.

आईला नमस्कार. तुमची माया अशीच राहू द्या.
इंद्रजीत

पिशोर, १३ नोव्हेंबर

चि. इंद्रजीत यास आशीर्वाद.

तुझं म्हणणं पटलं होतं. मग दिवाळीच्या पाडव्याची सकाळ आठवली. तुझी उजवी चप्पल ओट्याखाली पडली आणि तू तसाच गोठ्यापर्यंत गेलास. सूनबाईनं तुझ्या तळव्यातून बाभळीचा काटा ओढला, रक्त आलं, आणि तू माझ्याशी खाणाखुणा करत हसत होतास. कान गेले, डोळे शाबूत आहेत माझे. त्या पायाला काय झालंय? मला खोटं लिहू नकोस रे. जेवण जात नाही.

उत्तराची वाट बघणारे
तात्या

छ. संभाजीनगर, १७ नोव्हेंबर

ती. तात्यांस नमस्कार.

मणक्यातली नस दबलीय. चैत्रापासून उजव्या घोट्याच्या खाली मला काही कळत नाही. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर केलं तर कदाचित पायात जीव येईल, तोवर गाडीला हात लावायचा नाही. मी कुणाला सांगितलं नाही, प्रेरणालासुद्धा नाही. डावा पाय शिकलो तो यासाठी. परवा सिग्नलला गिऱ्हाईक शेजारी होतं. मी डाव्यानं ब्रेक दाबला, उजवा ॲक्सिलरेटरवरून उचलला असं समजलो. गाडी थांबली ती हातभर अंतरावर. पुढं स्कूटीवर बाई होती, मागं दोन लेकरं. पडद्यावर अक्षरं होती, दोन्ही पाय दाबलेले आहेत. माझा पाय कुठं आहे ते मला नाही, गाडीला कळलं.

तरी तेवीसला मी चालवणार. मला दुसरं येतं काय? स्टिअरिंग सुटलं की मी कोण? तुम्ही तरी समजून घ्या. मला फार भीती वाटते, तात्या. हे पत्र फाडून टाका.

तुमचा
इंद्रजीत

पिशोर, २० नोव्हेंबर

चि. इंद्रजीत यास आशीर्वाद.

पत्र फाडलं नाही. हे माझं पत्र पोस्टात टाकत नाही, तुझा कडूबाकाका उद्या घेऊन येईल आणि जिन्याखालूनच कुणाच्या हाती आधी वर पाठवील. माझा क्लीनर. त्याचा पाय ब्रेक फेल झाल्यानं गेला, हे तू लहानपणापासून ऐकत आलास.

ब्रेक चांगले होते. मला त्याआधी दोन वर्षांपासून ऐकू येत नव्हतं. लपवलं, कारण मीही हेच म्हणत होतो, दुसरं येतं काय. आरशात त्याचा हात बघून भागवायचो. मोंढ्याच्या बाजारात गाडी मागं घेताना तो आरशात दिसेना. पत्र्यावर तीन थापा म्हणजे थांब. त्यानं मारल्या असणार. मी घेतच राहिलो, भिंतीपर्यंत. नंतर सगळ्यांना ब्रेक फेल सांगितलं, त्याच्या बायकोला, चंपाबाईलासुद्धा. माझ्या गाडीत मला सांगणारं काही नव्हतं. तुझ्या गाडीनं तुला एकदा सांगितलंय.

काल त्याच्या ओट्यावर बसून खरं बोललो. त्यानं माझाच पेन घेऊन कागदावर लिहिलं, ठाऊक व्हतं, लई वर्षांपासून. मग त्यानंच लिहून विचारलं, पोराकडं मी जाऊ का. मालकाकडं आणि डॉक्टरकडं तो तुझ्याबरोबर येईल. प्रेरणाला आजच सांग.

त्याला जिना चढायला वेळ लागतो, त्याच्या पायाकडं नीट बघ. वर आला की तो दारावर तीन थापा मारील. तुला ऐकू येतं, बाळा.

तुझ्या मायेचा भुकेला,
तात्या