सुपारीला पक्कड घेऊन येणाऱ्या मेहुण्यास

श्री. विश्वंभरराव, मुक्काम कळमनुरी, यांना जवळा बाजारहून मसाजीचा रामराम. (‘सप्रेम’ लिहून खोडलं आहे, कागद उजेडाला धरलात तर दिसेल.) इकडे सगळे खुशाल. तुमच्या गुडघ्याचं कसं काय? शेकत जा. माझा राग तुमच्यावर आहे, गुडघ्यावर नाही. फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही मधे बोलता. कागदाला मधे बोलता येत नाही.

आपल्या दोन्ही घरांत लग्नाला सनईची ती एकच तबकडी वाजते. मामा नवरीला घेऊन खोलीतून निघाला की सुई ठेवायची, आणि ती बोहल्यावर पोचली की सनई संपायची. तुमची बहीण चतुराबाई याच सनईवर माझ्या समोर येऊन उभी राहिली, आणि तेव्हापासून माझं ऐकेनाशी झाली. आता माझ्या पोरीचं, तुमच्या भाचीचं, मोहिनीचं लग्न, आणि रेकॉर्ड प्लेअरची सुईची दांडी मोडलेली. म्हणून मी चार महिने खपून स्वतः दांडी बनवली. टीव्हीच्या जुन्या अँटेनाची नळी, बुडाला टेकू म्हणून बॉलपेनचं टोक, मागं तराजूतलं वीस ग्रॅमचं वजन. शिकवायला कोणी नव्हतं. (तुम्ही होता, पण तुम्ही शिकवत नाही, हिसकावून घेता.)

बाजारातली दांडी टोकाशी आत वाकडी असते, आणि तिची सुई मधल्या खिळ्याच्या पलीकडं जाते. माझी सरळसोट, सुई खिळ्याच्या अलीकडं बोटभर थांबते. काहून? खळं आठवा. मधल्या खांबाभोवती, मेढीभोवती, फिरणाऱ्या बैलाची मान आत वाकवून बांधली तर तो मेढीकडंच ओढ घेतो. वाकडी दांडी सुईला तसंच आत ओढते, आणि तबकडीच्या तासाची, म्हणजे सुई चालते त्या चरीची, एकच भिंत घासत राहते. तुमचं म्हणणं, सरळ दांडीची सुई शेवटच्या तासांत तिरपी पडते. पडत असेल! पेरताना तिफण बांधाच्या धुऱ्याजवळ तिरपी पडते, म्हणून कोणी तिफणीला पक्कड लावतं का?

तुम्ही लावली. लग्न पक्कं करायच्या, सुपारीच्या दिवशी आपले होणारे व्याही उत्तमराव ओसरीवर पोहे खात बसलेले. मी हौसेनं तबकडी लावली. शेवटी सनई जराशी खरखरली. जराशी! शेजारची पिठाची गिरणी याहून जास्त खरखरते, तिला तुम्ही काही म्हणत नाही. पण इथं भरल्या ओसरीत ओरडलात, “दाजी, सुई आडवी चालून राहिली! नवरी बोहल्यावर पोचायची अन् सनईला खोकला!” आणि खिशातून पक्कड काढली. (सुपारीला पक्कड घेऊन येणारा मामा अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात दुसरा नसेल.) मी म्हणालो, “तुमी हात लावू नका.” तुम्ही म्हणालात, “दोनच मिनटं,” आणि माझी चार महिन्यांची मेहनत माझ्या डोळ्यांदेखत वाकवली, वर तिचं बूड दोन बोटं पुढं सरकवलं. मी तुमचं उपरणं धरलं, तुम्ही माझं धोतर. वजन उडालं ते उत्तमरावांच्या पोह्यात. ते मी बोटं घालून लगेच काढलं, एवढी माझी चूक मी मान्य करतो. उत्तमराव टोपी घालून उठलेच; त्यांना वाटलं देण्याघेण्यावरून जुंपली. त्यांना समजावताना माझ्या तोंडाला फेस आला. खळं, मेढ, बैल सगळं सांगितलं. शेवटी ते चतुराबाईला म्हणाले, “यांना दुपारी झोपवत जा.”

भरीत भर, जाताना तुम्ही म्हणालात, “मूळ आल्याबिगर मी लग्नाला येणार न्हाई.” मीही रागात बोललो, की मूळ पाठवणार नाही, मामाला बोलवायला या घरातून कोणी जाणार नाही. त्याला आज एकोणीस दिवस झाले. तुमची बहीण मला वाढते, पण बोलत नाही. बोलली ते एकदाच, “तुमाला लगीन पोरीचं करायचं हाय का दांडीचं?” पोरगी तर माझ्याहून हट्टी. म्हणते, “दांडी सरळ ठेवा न्हाई तर गोल करा, मामाबिगर मी खोलीतून पाय बाहेर टाकणार न्हाई.” लग्न आठ दिवसांवर आलंय. हे सगळं तुमच्या एका पकडीमुळं! माफीचं पत्र ताबडतोब पाठवावं. दोन ओळी चालतील.

तुमचा, काहीही न चुकलेला दाजी,
मसाजी

ता. क. सोबत हळदकुंकू लावलेली सुपारी आहे. हेच मूळ समजावं. माफीचं पत्र वाटेत गहाळ झालं असं मी धरून चालेन.

ता. क. दुसरा. लग्नात मामाचे दोन्ही हात नवरीला धरण्यात गुंतलेले असतात. तेवढा वेळ प्लेअर सुरक्षित राहील, म्हणूनही तुम्ही हवेत.

ता. क. तिसरा. इथं आल्यावर हा चतुराबाईला वाचून दाखवू नये. दांडी मी सरळ केलेली नाही. काल दुपारी दार लावून, तुम्ही वाकवली तशीच वाजवून पाहिली. सनई शेवटच्या सुरापर्यंत स्वच्छ आली. मान वर केली तर मोहिनी आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी. सनई संपली तरी तिथंच उभी होती. पहिल्या गाडीनं या.