वरचा केक, खालचा केक

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा घड्याळदुरुस्ती, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी तसे लेखी दिले असून तो कागद सोबत जोडला आहे, कारण वरच्या मजल्यावर राहणारा माझा थोरला भाऊ, दादा, नुसत्या माझ्या शब्दावर विश्वास ठेवणार नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

१. बाजारातले दुकान भाड्याचे आहे, ते मालकाकडे परत जावे. चिमटे, बारीक पेचकस, भिंगे आणि बाबांचे कामाचे मेज शेजारच्या चष्मेवाल्याला द्यावे. तो माझी हत्यारे न विचारता नेतो आणि पुसून परत आणतो. आता परत आणायची तसदी वाचेल. दुरुस्तीला आलेली घड्याळे ज्याची त्याला द्यावीत. पोस्टमास्तरांच्या घड्याळात काहीही बिघाड नाही, ते किल्ली द्यायला विसरतात. हे त्यांना कोणीतरी जपून सांगावे.

२. माझ्या राहत्या तळमजल्याच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागचे अंगण आणि बँकेत जे काही उरेल ते माझ्या भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला द्यावे. तिने ते शहाणपणाने वापरावे अशी अट मी घालत नाही. मावशीच्या मुलांनी यात हक्क सांगू नये. त्यांच्या आईने या घराला एक साधी कृती देताना किती वाट पाहायला लावली, ते खाली येईलच.

३. ओव्हन, केकचा गोल साचा आणि किसणी. वकीलसाहेबांनी प्रत्येक कलम थोडक्यात आटपायला सांगितले होते. इथे ते जमणार नाही.

मी आठ वर्षांची असताना आई गेली. ती रविवारी संत्र्याचा केक करायची. कृती तिने कधी लिहिली नाही. ती गेल्यावर काही आठवड्यांनी बाबांनी, ज्यांनी तोवर साधा चहाही केला नव्हता, मला ओट्यापुढे स्टुलावर उभे केले.

"तू तिच्याजवळ घुटमळायचीस," ते म्हणाले. "काय काय घालायची, आठव बरं."

मला अंडी आठवली, लोणी आठवले, किसलेली साल आठवली. पहिला केक दगड झाला. दुसरा मधोमध बसला. बाबा घड्याळ उघडल्यासारखे काम करायचे, भिंग डोळ्याला लावून पिठातल्या गुठळ्या शोधायचे. एकदा लोणी संपले म्हणून दही घातले, मैदा कमी पडला म्हणून रवा घातला, आणि नेमका तोच फुलला. साचा कानाजवळ धरून बाबा म्हणाले, "ऐक. कच्चा असतो तोवर आतून चुरचुरतो. गप्प झाला की झाला." मग साचा त्यांच्या कानाला टेकला, ते ओरडले, आणि आई गेल्यानंतर त्या घरात आम्ही पहिल्यांदा हसलो.

दादा तेव्हा तेरा वर्षांचा होता. एक घास खाऊन त्याने ताटली सरकवली. "हा आईचा नाहीये."

"नाहीच आहे," बाबा म्हणाले. "तिचा नाही जमला. हा आपला."

"मला नको तुमचा." त्यानंतर त्याने तो केक कधी तोंडात घातला नाही.

आईची कृती मावशीला ठाऊक होती. बाबांनी विचारले तर म्हणाली, "बहिणीची एवढी तरी आठवण मला राहू दे." राग आता गेला आहे असे मी लिहिणार होते, पण हे कागदपत्र खरे असले पाहिजे. पुढे दादाचे लग्न झाले तेव्हा तिने ती वहिनीला भेट म्हणून सांगितली. वहिनीने पहिल्याच रविवारी केक केला आणि दोन तुकडे खाली पाठवले. पहिल्याच घासाला मला आई भेटली. बाबांनी आपला तुकडा संपवला आणि ताटलीतला चुरा बोटाने टिपला.

"बाबा, आता आपणही असाच करूया," मी म्हटले.

"तिचा वर होतोय ना," ते म्हणाले. "आपला कोण करणार मग?"

तेव्हापासून वर आईचा केक, खाली बाबांचा. भाची दोन्हीकडे खाऊन मोठी झाली. बाबा गेल्यावरही दोन्ही ओव्हन चालू राहिले. दादा आणि मी मात्र वरच्या कुंड्यांतून खाली गळणाऱ्या पाण्यापलीकडे फारसे बोललो नाही.

गेल्या थंडीत वहिनी गेली. वरून वास येईनासा झाला. मग एका रविवारी जळका वास आला म्हणून मी जिना चढले. दादा ओट्यापाशी उभा, भुवयांवर पीठ.

"इतकी वर्षं समोर बसून खाल्लं गं," तो म्हणाला. "काय घालायची, एकदाही पाहिलं नाही."

"पोरीला विचार की. तिला येतो."

"विचारलं. येऊन शिकवीन म्हणाली." मी खिडकी उघडली, साचा खरवडायला घेतला. तो माझ्या हातांकडे पाहत होता. "बाबांनी पहिल्यांदा केला, तो कसा झाला होता?"

"भयंकर."

तो हसला. मग खुर्ची ओढून बसला. "मग तोच शिकव मला."

म्हणून ओव्हन, साचा आणि किसणी दादाला द्यावी. तो माझ्याआधी गेल्यास भाचीला. तो साल पांढऱ्या भागासकट किसतो, त्यामुळे केक कडू होतो. भाचीने तो निमूट खावा आणि आईची कृती त्याला अवश्य शिकवावी, मला काही वाटणार नाही. पीठ भिजवले की जिन्यातून मला हाक मारायची दादाला सवय लागली आहे. एखाद्या रविवारी खालून ओ आली नाही, तर त्याने वाट पाहत बसू नये. ओव्हन लावावा.

वरील सर्व मी वाचून, समजून सही केली आहे. चष्मेवाल्याला साक्षीदार होण्याची फार हौस होती, पण त्याला हत्यारे मिळणार असल्याने ते चालत नाही.

सही : घड्याळवाली
साक्षीदार : १. डॉक्टरीणबाई २. गल्लीतले निवृत्त शिंपी
ठिकाण : तळमजल्याचे स्वयंपाकघर
दिनांक : मार्च महिन्याचा पहिला सोमवार