कापराची पुडी

नोव्हाय, अमेरिका. शनिवार, संध्याकाळ

नेहा उद्या पहाटे हरणाच्या शिकारीला जाणार. एकटीच. माझी मुलगी! हरणीच्या मुताची बाटली चक्क माझ्या फ्रीजमध्ये! मी ओरडले, तर म्हणते, "आई, रिलॅक्स! थेंबभरच लावायचं, त्या वासावर नर येतो. मेटिंग सीझन अजून सुरू नाही, जास्त वास आला तर नराला डाउट येतो." कपडेसुद्धा बिनवासाच्या साबणानं धुऊन डब्यात बंद केलेत.

आणि मी काय केलं? झाडावर बसून गारठेल, सर्दी होईल, म्हणून गुपचूप जॅकेटच्या खिशात कापराची पुडी घातली. आता अख्खं जॅकेट घमघमतंय. काढू का पुडी? डबा उघडला, पुन्हा लावला. खरंच सर्दीसाठीच ठेवली ना मी?

राहू दे. हरणं पळतील, ती लवकरच रिकाम्या हातानं येईल, माझ्यावर चिडेल.

पण येईल.