उतरलेली वात

कट्टा, ता. मालवण
१८ जानेवारी १९६४

प्रिय फ्रान्सिस्का,

तुझा नाताळचा डबा वेंगुर्ल्याच्या गाडीच्या कंडक्टरने नेहमीप्रमाणे शाळेत आणून दिला. नेवऱ्या चांगल्या होत्या, दोदोल थोडा चिकट. सहा वर्षांत सहा डबे आले आणि माझ्याकडून पोच म्हणून साधे कार्डही गेले नाही. मुलींनी एक दिवस गृहपाठ चुकवला तर मी त्यांना बाकावर उभे करते. मला कोणी उभे केले नाही, म्हणून मी बसून राहिले. आज दवाखान्यातल्या त्या फ्रिजविषयी लिहायचे आहे. त्याच्यापायी तुझी नोकरी गेली हे गावाला ठाऊक आहे. कशी गेली ते फक्त मला ठाऊक आहे, असे मी इतके दिवस स्वतःला सांगत होते.

तो फ्रिज पेंढ्यात गुंडाळून बैलगाडीतून आला, तो दिवस तुला आठवत असेल. गावात वीज नव्हती. खाली घासलेटची टाकी, तिच्यावर वात, आणि त्या ज्योतीवर वरचे कपाट थंड होणार, असे तू सांगितलेस. सत्यवान कंपाउंडर म्हणाला, आता सिस्टर चुलीर बर्फ रांधतली. मीही हसले आणि म्हटले, हे निसर्गाविरुद्ध आहे. तू रागावली नाहीस. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून माझ्या मनगटावरून फिरवलास आणि फुंकर घातलीस. म्हणालीस, “थंडी खंयसून येणा नाय गो. स्पिरिट उडान जाता, तुझी गरमी घेवन जाता.” मी हात पुसून टाकला. कॉलेजात दोन वर्षे मी विज्ञान शिकले होते. उंच घाटावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळते आणि डाळ उशिरा शिजते, हे मी वर्गात दरसाल शिकवत होते. सातवीपर्यंत शिकून नर्सिंगला गेलेल्या मैत्रिणीकडून तोच धडा ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती.

मग अठ्ठावन्न सालची आंगणेवाडीची जत्रा आली. मुंबईहून चाकरमानी येणार, माणसांचा पूर लोटणार, म्हणून पटकीची लस आधीच येऊन फ्रिजमध्ये राहिली होती. नेमके त्याच आठवड्यात सावंतवाडीला तुझ्या भावाचे, जॉनचे लग्न. शुक्रवारी संध्याकाळी किल्ली माझ्या हातात देऊन तू गेलीस. घासलेट बघ, ज्योत निळी ठेव, दार उघडू नकोस, एवढेच सांगितलेस. शनिवारी दुपारी उकाडा फार होता. आतल्या थर्मामीटरचा पारा चाळीस फॅरनहाइटच्या आसपास आहे ना, हे पाहायला मी दार उघडले. पंचेचाळीस. तासाभराने पुन्हा उघडले. पन्नास. बाहेरची गरम हवा मीच आत सोडत होते, हे डोक्यात आले नाही. वाटले, खालच्या आगीनेच कपाट तापते आहे. आपल्या स्वयंपाकघरात उकाडा झाला की चूल विझवतात, तसे मी केले. वातीची कळ फिरवून ती पार खाली उतरवली, दार लावून घेतले आणि आता आतली थंडी आतच राहील म्हणून समाधानाने घरी गेले. रविवारी मी फिरकलेही नाही.

सोमवारी सकाळी तू आलीस तेव्हा पारा चौऱ्याऐंशीवर होता. डॉक्टरांनी सगळी लस फेकायला लावली. तू मला विचारलेस आणि मी म्हटले, ज्योत आपोआप विझली असेल, वात नीट कापलेली नव्हती. तू म्हणालीस, “वात माझ्या हातची आसा. ती आपल्या आपण विझाची नाय.” मग तू गुडघे टेकून खाली वाकलीस. वात निरखलीस. उठलीस ती काडेपेटी शोधायला.

त्या वर्षी जत्रेत लस टोचली गेली नाही. देवी भराडीच्या कृपेने कोणाला पटकी झाली नाही, आणि म्हणूनच मला लपता आले. दवाखान्याच्या समितीने तुला हलगर्जीसाठी काढून टाकले. समितीची चिटणीस मी. ते पत्र माझ्या अक्षरात आहे, खाली माझी सही आहे. अक्षर वळणदार आले होते.

पुढे पावसाळ्यात मी पुस्तक काढून वाचले. फ्रिजच्या नळ्यांत अमोनिया असतो. ज्योत त्याला पाण्यातून वेगळा काढते. मागच्या नळीत तो आपली उष्णता खोलीला देऊन द्रव होतो. मग कपाटाजवळ, जिथे त्याचा दाब कमी असतो, तिथे एवढ्या थंडीतही तो पुन्हा उकळतो आणि उकळायला लागणारी उष्णता आतून ओढून घेतो. हे सगळे फिरवते ती ज्योत. पाच पाने वाचून मला जे कळले, ते तू एका बोळ्यात सांगितले होतेस. पण त्या दिवशी मला लाज वाटली ती अज्ञानाची. खरी लाज गेल्या महिन्यात वाटली. नव्या सिस्टर यशोदा सुट्टीवर असताना ज्योत खरोखरच विझली म्हणून मला बोलावले. मी खाली वाकून पाहिले. घासलेट संपले होते आणि वात होती तिथेच, वर होती. आपोआप विझलेल्या दिव्याची वात खाली उतरत नाही. ती कोणीतरी हाताने उतरवावी लागते. म्हणजे त्या सोमवारी गुडघे टेकलेस तेव्हाच तुला कळले होते. समितीपुढे तू एक वाक्य बोलली असतीस तर मी गेले असते. तू बोलली नाहीस, आणि वर दर नाताळात डबा पाठवत राहिलीस.

परवा जिल्ह्याच्या कार्यालयातून कागद आला. तुझा कुडाळच्या सरकारी नोकरीसाठीचा अर्ज त्यांच्यापुढे आहे आणि तुला का काढले होते, ते चिटणिसांनी लेखी कळवावे, असे त्यात आहे. मी कळवले. वात कोणी उतरवली, खोटे कोण बोलले, सही कोणाची, सगळे लिहिले आणि चिटणीसपद सोडत असल्याचेही. तो लिफाफा काल पोस्टात टाकला आणि मगच तुला लिहायला बसले, कारण मी स्वतःला ओळखते. रिकामा डबा परत करू नये, असे आपल्याकडे म्हणतात. आत घालण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते, म्हणून तुझे सहाही डबे फळीवर राहिले. त्यांतला एक आज कंडक्टरकडे देते आहे. आत त्या पत्राची नक्कल आहे. बाकीचे पाच तू सांगशील तेव्हा मी स्वतः घेऊन येईन.

तुझीच,
मथुरा